पेन्स्के साहेब, ती रेस होती की गंमत, एकदा ठरवून सांगा

प्रति,
मा. रॉजर पेन्स्के साहेब,
इंडिकार या अमेरिकी कार रेसिंग सिरीजचे आणि इंडियानापोलिस मोटर स्पीडवे या ट्रॅकचे मालक

कोलंबस, इंडियाना
३ जून २०२०

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, येत्या शनिवारी ६ जूनला टेक्ससला तुमचा खरा सीझन सुरू होतोय. स्टँड रिकामे असतील पण गाड्या खऱ्या असतील, आणि एकदा का हिरवा झेंडा पडला की २ मेच्या त्या ऑनलाइन रेसबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून त्याच्या आधी लिहून टाकतोय. तुम्हाला मराठी येत नाही हे मलाही कळतं हो. पण इथे वाचणाऱ्यांना येतं, आणि हे पत्र जितकं तुम्हाला आहे तितकंच त्यांनाही आहे. आज तिकडे निसर्ग वादळाने पुण्यात अर्ध्या लोकांचे लाइट घालवलेत, त्यामुळे आमच्या लीगची बुधवारची प्रॅक्टिस कॅन्सल झाली आणि मला बसून लिहायला वेळ मिळाला.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे हा कोण टिकोजीराव असं वाटायला नको. मी मूळचा चिंचवडचा, नोकरीसाठी इंडियानात आलो. कोलंबस म्हणजे ओहायोतलं मोठं ते नव्हे, हे छोटं, कमिन्स या इंजिनवाल्या कंपनीचं गाव. त्यामुळे इथे इंडियन ग्रोसरीच्या दुकानात पोह्यांच्या रॅकसमोर उभं राहिलं की मागून हमखास मराठी ऐकू येतं. तुमचा स्पीडवे इथून गाडीने तासाभरावर. मागच्या वर्षी २६ मेला इंडी ५०० ला, म्हणजे तिथल्या पाचशे मैलांच्या मोठ्या रेसला, मी स्टँडमध्ये होतो. तुमचा ड्रायव्हर सिमॉन पाजनो आणि अलेक्झांडर रॉसी शेवटच्या लॅपपर्यंत एकमेकांच्या मागे-पुढे करत होते, साडेतीनशेच्या वर स्पीड, मधे हातभर जागा, आणि तरी दोघांनीही एकमेकाला जागा सोडली. पाजनो ०.२०८६ सेकंदांनी जिंकला. ती तुमच्या टीमने जिंकलेली अठरावी इंडी ५००. मी पाजनोच्या बाजूने घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. हे सांगितलं कारण पुढचं वाचून कुणी म्हणू नये की ह्याला पाजनोबद्दल आकस आहे.

दुसरं म्हणजे मी आयरेसिंग या ऑनलाइन कार रेसिंगवर एक छोटी लीग चालवतो. चालवतो म्हणजे आम्ही तिघं-चौघं मिळून चालवतो, मी त्यात स्टुअर्ड आहे, म्हणजे रेसनंतर कोणी कोणाला ठोकलं त्याचा निवाडा करणारा. पोरं पुण्याची, नाशिकची, दोन बेळगावची, काही इथली. पैसेबिसे काही नाहीत, जिंकलेल्याचं डिस्कॉर्डवर, म्हणजे आमच्या चॅट ग्रुपवर, कौतुक होतं एवढंच.

ज्यांना आयरेसिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे मोबाइलवरचं टाइमपास प्रकरण नाही. २००८ पासून चालू असलेलं सिम्युलेटर आहे, ट्रॅक लेझरने स्कॅन करून बनवलेत, रस्त्यातला उंचवटासुद्धा जागच्या जागी आहे. टोपणनाव चालत नाही, स्वतःच्या खऱ्या नावाने उतरावं लागतं. लायसन्स असतं, रूकीपासून सुरुवात करून डी, सी, बी, ए असं वर चढायचं. ट्रॅकच्या बाहेर चाक गेलं की एक पॉइंट, गाडी फिरली की दोन, जोरात ठोकली की चार, आणि असे पॉइंट साठले की सेफ्टी रेटिंग घसरतं आणि लायसन्स खाली येतं. कोणी मुद्दाम ठोकलं तर रिप्ले जोडून तक्रार करता येते आणि त्यावर खरंच ॲक्शन होते, अकाउंट बंद होतात. म्हणजे आमच्यासारखी साधी, महिन्याचे पैसे भरून खेळणारी माणसं तिथे नियमात राहून चालवतात, राहावंच लागतं.

आता २ मे. कोरोनामुळे सगळं बंद, इंडी ५०० ऑगस्टवर ढकललेली, आणि तुम्ही लोकांनी सहा ऑनलाइन रेसची मालिका केली त्यातली शेवटची त्या दिवशी होती, तुमच्याच स्पीडवेच्या आभासी ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, टीव्हीवर एनबीसीवर लाइव्ह. नाव काय ठेवलं होतं तर फर्स्ट रिस्पॉन्डर १७५. अँब्युलन्सवाले, फायर ब्रिगेडवाले, पोलीस, जे त्या वेळी मास्क पुरत नसताना रस्त्यावर होते त्यांच्या सन्मानार्थ. नाव वाचून बरं वाटलं होतं, खरंच.

फॉर्म्युला वनमधला लँडो नॉरिस, वीस वर्षांचा पोरगा, पाहुणा म्हणून आला होता. आदल्या आठवड्यात ऑस्टिनच्या ट्रॅकवर तो जिंकला होता. ओव्हल हा त्याचा प्रांत नाही, तरी इथेही तो जिंकायच्या बेतात होता. त्याआधी रेसमध्ये पाजनो, ग्रॅहम रेहाल आणि नॉरिस तिघं एका कॉर्नरला शेजारी-शेजारी घुसले आणि पाजनो भिंतीवर गेला. त्यात नॉरिसची चूक किती यावर वाद घालता येईल, मी स्टुअर्ड म्हणून बघितलं तर मला ती रेसिंगमध्ये होते तशी धडक वाटते, तुम्हाला वेगळं वाटू शकेल. पण त्यानंतर पाजनो स्वतःच्या लाइव्ह स्ट्रीमवर, माइक चालू, लोक बघतायत, अशा वेळी सरळ बोलला की आता लँडोला उडवायचं. आणि शेवटचे काही लॅप राहिले असताना नॉरिस मागून आला तेव्हा ह्याने त्याच्या पुढ्यात गाडी हळू केली. नॉरिस मागून जाऊन आदळला, रेस खलास. नंतर पाजनोचं म्हणणं असं की मला त्याला फक्त हळू करायचं होतं, ठोकायचं नव्हतं. अहो, ओव्हलवर फुल स्पीडला पुढच्याने ब्रेक मारला तर मागच्याचं काय होतं हे इंडी ५०० जिंकलेल्या माणसाला कळत नसेल तर मग कोणाला कळणार?

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. शेवटच्या लॅपपर्यंत मार्कस एरिक्सन आणि पॅटो ओवार्ड भिडून बाजूला झाले, मग ऑलिव्हर आस्क्यू पुढे होता, फिनिश लाइन समोर दिसतेय, आणि सँटिनो फेरुचीने शेजारून गाडी त्याच्या अंगावर घातली. दोघंही भिंतीत. मागून स्कॉट मॅकलॉक्लिन निवांत आला आणि जिंकला. मॅकलॉक्लिनचा त्यात काही दोष नाही, तो बिचारा ऑस्ट्रेलियातून पहाटे उठून चालवत होता आणि नीट चालवत होता. गंमत म्हणजे तोही तुमचाच ड्रायव्हर.

आणि मग? काही नाही. कॉमेंट्रीत हसणं-खिदळणं, सोशल मीडियावर दोन दिवस धुरळा, आणि पडदा. निकाल जसाच्या तसा. कोणावर काही कारवाई झाली, निदान चौकशी झाली, असं आम्हा बघणाऱ्यांना आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. सन्मान अँब्युलन्सवाल्यांचा, आणि रेस अशी की शेवटी टीव्हीवर फक्त अपघातच दिसले.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगतो.

पहिली तक्रार पाहुण्याबद्दल. नॉरिसला तुम्ही बोलावलंत. त्याच्या नावावर युरोपातले प्रेक्षक आले, ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवरचे त्याचे हजारो फॉलोअर आले, जाहिरातीत त्याचा चेहरा वापरलात. आमच्याकडे ज्याला जेवायला बोलावलंय त्याच्या ताटात माती कालवत नाहीत, मग तो कितीही भराभर जेवत असला तरी. त्याने आपल्या स्ट्रीमवर राग काढला तर काही लोक वर त्यालाच म्हणाले, एवढं काय मनावर घेतोस, गेम आहे. मला वाटतं त्या दिवशी तोच एक होता ज्याने तुमच्या रेसला रेस समजलं.

दुसरी जास्त नाजूक आहे आणि मी ती जपून मांडतो. १९४५ पासून हलमन कुटुंबाकडे असलेला स्पीडवे आणि त्याबरोबर सिरीज या जानेवारीत तुमच्याकडे आली. तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला, कारण तुमच्या टीमची शिस्त सगळ्यांना माहीत आहे. शर्टाच्या इस्त्रीपासून गॅरेजच्या फरशीपर्यंत. पण त्याच वेळी एक प्रश्नही सगळ्यांच्या मनात होता की ट्रॅक ह्यांचा, सिरीज ह्यांची आणि गाड्याही ह्यांच्या, मग ह्यांच्या ड्रायव्हरने घोळ घातला तर शिट्टी कोण वाजवणार? खऱ्या रेसमध्ये तो प्रश्न यायच्या आधी ऑनलाइनमध्ये आला. ज्याने ब्रेक मारला तो तुमचा ड्रायव्हर. तुम्ही कोणाला फोन करून मिटवलं वगैरे असं मी अजिबात म्हणत नाहीये, तसं मला वाटतही नाही. पण काहीच झालं नाही आणि काहीच सांगितलं नाही, की लोक 'आपला तो बाब्या' म्हणणारच. तुम्हाला ते ऐकून घ्यायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

आठवून बघा, २०१० मध्ये एडमंटनला एलिओ कॅस्ट्रोनेव्हसचा विजय काढून घेतला म्हणून त्याने रेसनंतर तिथल्या अधिकाऱ्याची कॉलर धरली, साठ हजार डॉलर दंड झाला. २०११ ला न्यू हॅम्पशायरला ओल्या ट्रॅकवर रेस परत सुरू केली आणि गाड्या एकमेकांवर गेल्या, तेव्हा विल पॉवरने टीव्हीवर दोन्ही हातांची मधली बोटं रेस कंट्रोलला, म्हणजे रेस चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना, दाखवली. तीस हजार. दोघंही तुमचेच, आणि तेव्हा सिरीज तुमची नव्हती. (पॉवरचं म्हणणं त्या दिवशी बरोबर होतं हेही सांगून ठेवतो. बोटं चुकली, मुद्दा नाही.) म्हणजे इंडिकारला दंड करता येतो, पेन्स्केच्या ड्रायव्हरलाही करता येतो. मग या वेळी काय अडलं?

तिसरी तक्रार सगळ्याच सिरीजवाल्यांबद्दल आहे, फक्त तुमच्याबद्दल नाही. गेल्या दोन महिन्यांत जे जे झालं ते शेजारी ठेवून बघा.

२९ मार्चला नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या दुसऱ्या मोठ्या कार रेसिंग सिरीजची, टेक्ससची ऑनलाइन रेस, फॉक्सवर, तेरा लाखांच्या वर लोक बघतायत. डॅनिअल सुआरेझने राग येऊन टाय डिलनला ठोकायला गाडी घातली, तर त्याला तिथल्या तिथे रेसमधून बाहेर काढलं. मला हे आवडलं. दोन मिनिटांचं काम. म्हणजे तांत्रिक अडचण वगैरे काही नाही, बटण आहे, ते दाबायचं असतं.

५ एप्रिलला ब्रिस्टल. बब्बा वॉलेसची क्लिंट बोयरशी धडक झाली आणि हा वैतागून गेम बंद करून निघून गेला, स्ट्रीमवर सांगून की म्हणूनच मी हे सिरियसली घेत नाही. वाईटच वागला. पण त्याने कोणाला उडवलं नाही, स्वतः उठून गेला. त्याला शिक्षा कोणी केली? ब्लू-इमू नावाच्या सांधेदुखीच्या मलमाच्या कंपनीने. ट्विटरवर जाहीर बाय-बाय करून स्पॉन्सरशिप काढून घेतली.

१२ एप्रिलला काइल लार्सन. हे प्रकरण वेगळं, टीव्हीवरचं नव्हतं, ट्विचवर चाललेली एक हौशी रेस होती. त्याला वाटलं माइक फक्त स्पॉटरला, म्हणजे आजूबाजूच्या गाड्या सांगणाऱ्या मदतनिसाला, ऐकू जातोय, आणि त्याने काळ्या लोकांसाठीची ती घाणेरडी शिवी वापरली, सगळ्यांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी नॅस्कारने सस्पेंड केलं, स्पॉन्सर पळाले, तिसऱ्या दिवशी टीमने काढून टाकलं. मला त्याच्याबद्दल अजिबात सहानुभूती नाही. व्हॉइस चॅटवर आमचा ॲक्सेंट ऐकून लोक काय काय बोलतात ते आमच्या पोरांना विचारा, निम्मी पोरं ओपन रेसमध्ये माइक बंद ठेवूनच उतरतात. आणि या आठवड्यात मिनियापोलिसपासून इकडे इंडियानापोलिसपर्यंत रस्त्यांवर जे चाललंय ते बघता तो शब्द 'गेममध्ये बोललो' म्हणून सोडून देण्यासारखा नव्हताच. तिथे नॅस्कार चोवीस तासांत हललं, हे त्यांच्या खात्यात जमा.

आणि २३ मेचा तो फॉर्म्युला ईचा, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या सिरीजचा, प्रकार. युनिसेफसाठी मदत गोळा करायला चाललेली मालिका, आणि ऑडीचा डॅनिएल आप्ट याने आपल्या जागी लोरेन्झ हर्झिंग नावाच्या सिम रेसरला बसवलं. कॅमेऱ्यात चेहरा नीट दिसत नव्हता. एरवी मागे असणारा आप्ट अचानक तिसरा आला तेव्हा स्टॉफेल व्हॅनडॉर्नला रेसमध्येच संशय आला. सापडला. निकाल रद्द, दहा हजार युरो धर्मादाय संस्थेला, आणि तीन दिवसांनी ऑडीने खऱ्या टीममधूनच सस्पेंड केलं. आप्ट म्हणतो गंमत म्हणून व्हिडिओ करायचा होता. मला तो व्हिडिओ बघायला आवडला असता खरं सांगू का, पण सांगून करायचा होता. फसवणूक ती फसवणूक, डिसक्वालिफाय केलं ते योग्य. पण खरी नोकरी? त्याने कोणाची गाडी उडवली नाही, कोणाला शिवी दिली नाही.

आता हे सगळं समोर ठेवून मला सांगा, यातला खेळाचा नियम सगळ्यात उघडपणे मोडला कोणी? माझ्या मते ज्याने आधी बोलून दाखवलं आणि मग पुढ्यात ब्रेक मारला त्याने. आणि ज्याला काहीच झालं नाही तोही तोच. चोर सोडून संन्याशाला फाशी असं मी म्हणणार नाही, कारण यात संन्यासी कोणीच नाही. पण शिक्षा किती आणि कोणाला हे ठरतंय कशावरून, तर कोणत्या कंपनीला आपल्या लोगोची किती लाज वाटली त्यावरून. रेस कंट्रोलने करायचं काम मार्केटिंगवाले करतायत. उद्या एखाद्या ड्रायव्हरचा स्पॉन्सर जाड कातडीचा निघाला तर त्याला सगळं माफ, आणि एखाद्याचा हळवा निघाला तर त्याने नुसता लॅपटॉप आपटला तरी घरी. हा काय न्याय झाला?

आता नेहमीचं उत्तर. 'अरे, गेम आहे, लोक घरी बसून कंटाळलेत, करमणूक आहे.' ठीक आहे. मग जिंकल्यावर तसं का नाही म्हणत? पाजनो याच मालिकेत मिशिगनला जिंकला, मोटेगीला जिंकला, तेव्हा तुमच्या टीमने अभिमानाने पोस्ट टाकल्या, कॉमेंट्रीवाले त्याच्या प्रॅक्टिसचं कौतुक करत होते. जिंकलं की रेस आणि हरलं की गेम, असं कसं चालेल. एनबीसीने वेळ दिला, जाहिराती दाखवल्या, गाड्यांवर खऱ्या स्पॉन्सरचे खरे लोगो होते. फॉर्म्युला ईने तर सिम रेसरांच्या वेगळ्या ग्रिडला बक्षीस म्हणून खऱ्या गाडीची टेस्ट ठेवलीय. म्हणजे कुणाचं तरी आयुष्य यातून खरंच बदलू शकतं. ज्यांची गॅरेजमध्ये खरी गाडी उभी आहे त्यांना हा कंटाळा घालवायचा उद्योग असेल, पण ज्यांच्याकडे तेवढंच आहे त्यांच्यासाठी हा खेळ आहे. आमच्या नाशिकच्या पोराला खरी कार्टिंग परवडत नाही. स्टिअरिंग व्हीलसुद्धा सेकंडहँड, टेबलाला लाकडी फळी ठोकून त्यावर बसवलेलं, ब्रेकच्या पेडलखाली स्क्वॉशचा बॉल कापून घातलाय कडकपणा यावा म्हणून.

त्याच पोराचं सांगतो, कारण मुळात त्याच्यामुळेच हे पत्र. मेच्या मधल्या आठवड्यात आमची मोंझाची रेस होती. बेळगावच्या एकाने पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या नागमोडी वळणांवर, ह्याला बाहेर ढकललं, तसं चुकून, ब्रेक उशिरा लागला. आणि ह्याने पुढे चार लॅपनंतर सरळ रस्त्यावर त्याच्या समोर जाऊन ब्रेक मारला. मी रिप्ले स्लो करून समोरून, मागून, हेलिकॉप्टरमधून, सगळीकडून पाहिला. पुढे कॉर्नर नाही, पुढे गाडी नाही, ट्रॅक मोकळा, आणि ब्रेक लाइट लागतो. शंकेला जागाच नाही. रात्री डिस्कॉर्डवर त्याला बोलावलं. सोळा वर्षांचा आहे, एरवी 'दादा, दादा' करून सेटअप विचारत असतो. त्या दिवशी शांतपणे म्हणाला, "दादा, पाजनोने टीव्हीवर हेच केलं ना. त्याला काय झालं?"

आम्ही त्याला दोन रेसची बंदी दिली. ती बरोबरच होती, पुन्हा वेळ आली तर तेवढीच देईन. पण त्याच्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीचे तिघं स्टुअर्डही गप्प. मुलांनी कोणाकडे बघून शिकायचं म्हणून आपण खेळाडूंकडे बोट दाखवतो, आणि इथे बोट दाखवायची सोय राहिली नाही. तो आता परत उतरलाय, नीट चालवतोय. बेळगाववाल्याशी अजून बोलत नाही.

तर मागण्या. अवघड एकही नाही.

२ मेच्या रेसचा स्टुअर्डांचा अहवाल जाहीर करा. काय पाहिलं, काय ठरवलं, का ठरवलं. एक पान पुरे. स्टुअर्ड नव्हतेच असं उत्तर असेल तर तेही लिहा, आम्हाला तसाच संशय आहे. पाजनो आणि फेरुची यांना तुमच्या मते दोष द्यायचा नसेल तर तसं कारणासकट लिहा, मी वाचेन आणि पटलं तर मान्य करेन.

यापुढे इंडिकारचं नाव आणि लोगो लावून जी ऑनलाइन रेस टीव्हीवर जाईल तिला लेखी नियम हवेत, रेसच्या आधी सगळ्यांना दाखवलेले. त्यात मुद्दाम ठोकणं, मधेच उठून जाणं, दुसऱ्याला आपल्या जागी बसवणं आणि माइकवरची भाषा हे चारही आलं पाहिजे. स्वतःच्या स्ट्रीमवर बोललेलं पण धरा. आणि रेस चालू असताना माणूस बाहेर काढायचा अधिकार असलेला कोणीतरी बसलेला हवा, नॅस्कारने सुआरेझला काढलं तसं. त्या बसणाऱ्यांत एक तरी सिम रेसर घ्या. त्यांना नेटच्या लॅगमुळे झालेली धडक आणि मुद्दाम मारलेली धडक यातला फरक एका नजरेत कळतो, तुमच्या जुन्याजाणत्या लोकांना नाही कळणार, त्यात त्यांचा कमीपणा काही नाही.

शिक्षा किती ते आधी ठरवा. ऑनलाइनच्या चुकीला ऑनलाइन बंदी आणि चॅरिटीला दंड, एवढं मला योग्य वाटतं. माइकवर वंशावरून शिवी दिली तर ती बाब खऱ्या सिरीजमध्येही मोजली जाईल हे स्पष्ट लिहा. बाकी कुणाची खरी सीट जाणार असेल तर कोणत्या चुकीला जाणार तेही आधी लिहा, म्हणजे आप्टसारखं मंगळवारी उठून कळायला नको. स्पॉन्सरना जे करायचं ते करतील, त्यांना कोण अडवणार, पण निवाडा त्यांच्या आधी तुमचा यायला हवा.

तुमच्या स्वतःच्या टीमच्या ड्रायव्हरचं प्रकरण आलं तर ते तुमच्या पगारावर नसलेल्या माणसांकडे द्या. ऑनलाइनही आणि खऱ्या रेसलाही. हे तुमच्याच फायद्याचं आहे.

नॉरिस आणि आस्क्यू या दोघांची सिरीजच्या नावाने माफी मागा. जाहीर, कारण जे झालं ते जाहीर झालं. आणि पुढच्या वेळी रेसला कोणाच्या सन्मानाचं नाव देणार असाल तर ड्रायव्हर मीटिंगमध्ये ते नाव एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

पाजनोला माझा वैयक्तिक निरोप असा की तो भला ड्रायव्हर आहे आणि ऑगस्टमध्ये ५०० झाली तर मी बहुतेक परत त्याच्याच बाजूने ओरडणार. पण नाशिकच्या त्या पोराला एक ओळ लिहून पाठवता आली तर बघ बाबा. इंग्लिश चालेल, त्याला येतं. फ्रेंच नको.

शनिवारी टेक्ससची रेस बघणार आहेच. तुमच्या उत्तराची वाट बघतोय, आणि आमच्या लीगचा डिस्कॉर्डही बघतोय.

कळावे,
आपला,
एक हौशी स्टुअर्ड
(मु. पो. कोलंबस, मूळ गाव चिंचवड)